चाकाला गोडं पाणी

तारापूरजवळच्या दांडीच्या किनाऱ्यावर गोड्या पाण्याची सगळ्यात जास्त नासाडी कोणी केली असेल तर ती नवशाने, असं तिथल्या बायका म्हणायच्या. त्यांचं चुकत नव्हतं. मार्च सरला की गावातल्या विहिरीचं पाणी मचूळ व्हायचं आणि पिण्याच्या पाण्यासाठी बायकांना आतल्या वाड्यांपर्यंत पायपीट करावी लागायची. तशा दिवसांत हा गृहस्थ एका जुन्या लाँचच्या इंजिनात हंड्याने गोडं पाणी ओतायचा. "माणसांच्या घशाला कोरड नि याच्या मशीनला आंघोळ," अशी त्याची चेष्टा चालायची. तो हसायचा नाही आणि चिडायचाही नाही. फडकं पिळायचा आणि कामाला लागायचा.

मी बन्सी. मूळचा नगरकडचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या सव्विसाव्या वर्षी, आणि मला तो आवडला नाही. अजूनही आवडत नाही. १९६२ साली तारापूरच्या बाजूला समुद्राची खोली मोजायचं काम एका ठेकेदाराने घेतलं होतं, त्याच्याकडे मी स्टोअरकीपर होतो. नट, बोल्ट, दोर, ग्रीसचे डबे माझ्या ताब्यात. नवशाची गोष्ट मी सांगतोय ती त्याचं कौतुक करायला नव्हे. मला त्याचा राग आहे. पण तो राग धरून बसावं इतका मी धुतल्या तांदळासारखा नाही, म्हणून सगळं जसं घडलं तसं सांगून टाकतो.

नवशा नवसाने झालेला, म्हणून नवशा. आईबाप लवकर गेले. थोरला भाऊ दादू आणि त्याची बायको हंसा यांनी त्याला वाढवलं. दादू होडीचा तांडेल, म्हणजे होडी त्याच्या हुकमाने चालायची. नवशा एकोणीस वर्षांचा असताना होडी ओंडक्यांवरून वर ओढताना सरकली आणि त्याच्या डाव्या पायावर आली. हाड बसवणाऱ्याने पाय बांधला, पण तो वाकडाच जुळला. हेलकावणाऱ्या होडीत उभं राहून जाळं ओढायचं तर दोन्ही पाय धड लागतात. कोणी तांडेल त्याला घेईना. सख्ख्या भावालाही घेता येईना, कारण एकाचा पाय घसरला की बाकीचे गोत्यात येतात. मग नवशा बायकांबरोबर किनाऱ्यावर राहिला, बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत टाकत. पोरं त्याला 'नवशीबाय' म्हणून हाक मारायची. हे मला त्यानेच एकदा सांगितलं, आणि सांगताना मान वर केली नाही.

आमच्या ठेकेदाराची एक लाँच होती. वीसेक फुटांची, लाकडी, पेट्रोलच्या इंजिनाची, आमच्याकडे येईपर्यंतच म्हातारी झालेली. मुंबईहून ती जीपमागे बांधून आली होती, दोन चाकांच्या लोखंडी ट्रेलरवर बसून. गावाला ती वरात बघून भलतीच गंमत वाटली होती. होडीला चाकं कशाला, म्हणून म्हातारे तोंडावर हात ठेवून हसत होते. ट्रेलरला ते गाडा म्हणायला लागले आणि मग आम्हीही गाडाच म्हणायला लागलो.

ठेकेदारसाहेबांना खडकांची माहिती असलेला माणूस हवा होता. नवशा आला. लाँचमध्ये बसून सुकाणूचं चाक धरायचं, उभं राहायची गरज नाही. पहिल्या दिवशी लाँच खाडीच्या मुखातून बाहेर पडली तेव्हा मी आत होतो, पोट धरून बसलेला. नवशाकडे बघितलं तर तो रडत होता. मला वाटलं खारं पाणी डोळ्यांत गेलं असेल. पुढे कळलं की तो चार वर्षांनी दर्यात आला होता.

इंजिनावर एक उत्तरेकडचा मिस्त्री होता. तोंडाने फटकळ, हाताने देव. त्याने नवशाला प्लग साफ करायला शिकवलं, कार्बुरेटर उघडून बसवायला शिकवलं, आणि दोन गोष्टी पुन्हा पुन्हा बजावल्या. एक, इंजिन समुद्राचं पाणी ओढून थंड होतं, म्हणून प्रत्येक फेरीनंतर त्यातून गोडं पाणी काढायचं, नाहीतर मीठ आतून खाईल. दुसरी गाड्याची. "चक्का खारे पानी में गया ना, तो खोलो, धोओ, नया ग्रीस भरो. हर बार. समझा?" गाडा ओढताना चाकाचा तुंबा, म्हणजे आस बसतो तो मधला पोकळ भाग, तापतो, तसाच गार समुद्रात घातला की खारं पाणी आत शोषतो, आणि बाहेरून काही दिसत नाही. हे त्याने चाक उघडून दाखवलं होतं. मीही तिथेच होतो. नवशाने मान हलवली. त्याला समजलं होतं, यात मला शंका नाही.

आता धोंडीचं सांगायला हवं. दांडीसमोर पाण्यात एक खडक आहे, गाव त्याला काळी धोंड म्हणतं. ओहोटीला तो उघडा पडतो, भरतीला त्याच्यावर दोन पुरुष पाणी असतं. त्रेसष्ट सालच्या सप्टेंबरात एक होडी वाऱ्याने त्याच्यावर आपटून फुटली. ओहोटी होती. होडीतली चार माणसं खडकावर चढून उभी राहिली. किनाऱ्यावरून ती स्पष्ट दिसत होती. पण ओहोटीला गावातल्या सगळ्या होड्या खाडीच्या चिखलात बसलेल्या असतात, भरतीच्या पाण्याशिवाय त्या जागच्या हलत नाहीत. आणि भरती येणार म्हणजे धोंड बुडणार. अख्खं गाव किनाऱ्यावर उभं राहून बघत होतं. पाणी त्यांच्या गुडघ्याला आलं, कमरेला आलं, गळ्याला आलं. मग तिथे कोणी नव्हतं. आमची लाँच त्या दिवशी दुरुस्तीसाठी मुंबईला गेली होती.

चौसष्टमध्ये आमचं काम संपलं. म्हातारी लाँच परत नेण्यापेक्षा टाकून जाणं साहेबांना सोपं होतं. गावकऱ्यांनी ती मागून घेतली. कारण सरळ होतं. चाकांवर बसलेली ती एकच होडी अशी होती, जी ओहोटीला वाळूवरून ओढत थेट पाण्यापर्यंत नेता आली असती. देवळासमोर बैठक भरली. राखणार कोण, असं कोणीतरी विचारलं. बायकांच्या बाजूला बसलेला नवशा काठी टेकत उठला.

"मी राखीन," तो म्हणाला. "भरती असू दे नाय तर ओहोटी. हाक आली की लाँच दर्यात उतरंल. नाय उतरली तर माज्या तोंडात शेण घाला."

कोणी हसलं नाही. त्या दिवसापासून त्याला कोणी नवशीबाय म्हटल्याचं मी ऐकलं नाही. दादूने भर बैठकीत त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "आता आमाला काय भ्या नाय."

मला पुढे बोईसरच्या बाजूला बांधकामाच्या एका ठेकेदाराकडे पुन्हा स्टोअरचंच काम मिळालं. रविवारी सायकल मारत दांडीला जायची सवय लागली. समुद्र आवडत नसताना मी का जात होतो, असं कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. हंसावहिनीच्या हातचं कालवण हे एक कारण होतं. दुसरं म्हणजे, एखादं काम मनापासून चाललेलं बघायला बरं वाटतं. माझ्या स्टोअरमध्ये तसं काही बघायला मिळत नव्हतं.

नवशाने किनाऱ्याच्या वर, केवड्याच्या बनाला लागून, माडाच्या झापांची शेड बांधली होती. त्यात गाड्यावर लाँच. तळाच्या फळ्यांच्या फटींत तो कापूस ठासून वरून राळ भरायचा. मग मुशीचं तेल चोळायचा. मुशी म्हणजे छोटा शार्क. त्याच्या काळजाचं तेल तिथले लोक होडीच्या लाकडाला पिढ्यान् पिढ्या लावत आले आहेत. वास असा की पहिल्या दिवशी माझं जेवण वर आलं. प्लग काढून तो वहिनीच्या चुलीजवळ वाळत ठेवायचा आणि वहिनी ओरडायची, "भाकरीसंगं भाजून खातोस काय?" दर गुरुवारी इंजिन सुरू करायचं, बादलीतून समुद्राचं पाणी पाजून पंप चालतो का बघायचं, आणि शेवटी गोडं पाणी. एक हंडा तो स्वतः लंगडत आणायचा. दुसरा वहिनी आणायची. तिचा नवरा रोज दर्यात होता, ती पाण्याबद्दल कुरकुर करत नसे.

पौर्णिमेला तालीम व्हायची. भरती ऐन जोरावर असताना आठ-दहा जण मिळून गाडा ओढायचे, शेडपासून पाणी तीस पावलांवर यायचं. लाँच तरंगायची, नवशा दोरी ओढायचा, इंजिन पहिल्या नाहीतर दुसऱ्या झटक्याला धरायचं. धोंडीला एक वळसा घालून तो परत यायचा. पोरं टाळ्या पिटायची. मीही पिटल्या आहेत. ओहोटीला तालीम करावी, अर्धा मैल वाळूतून गाडा ओढून बघावा, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. ओहोटीला माणसांना इतर कामं असतात. तीस पावलांत चाकं दहा-बारा वेळा फिरायची. तेवढी ती फिरत होती.

आता चाकाचं. पासष्टच्या दिवाळीनंतरचा एक रविवार. मी गेलो तर नवशा शेडबाहेर वाळूत पालथा पडलेला, बोटांनी वाळू चाळत होता. शेजारी वहिनीही चाळणी घेऊन बसली होती. मिस्त्री गेल्यानंतर त्याने पहिल्यांदाच स्वतः चाक उघडलं होतं. वारा होता, हात तेलकट होते, आणि बेअरिंगच्या गोळ्या वाळूत सांडल्या. एक सोडून सगळ्या सापडल्या. त्या एकीसाठी ते सकाळपासून वाळू चाळत होते. संध्याकाळी त्याने एक गोळी कमी असलेलं बेअरिंग ग्रीसमध्ये बसवलं आणि तुंब्याचं टोपण ठोकलं.

"बन्सीभाऊ, कोनाला सांगू नको," तो म्हणाला. "लोकांचा इश्वास जाईल. तू मुंबईहून नवा बेरिंग आनून दे. तवर मी ह्याला हात लावनार नाय. पुना सांडलं तर?"

"आणतो की. त्यात काय?" मी म्हणालो. बेअरिंगवरचा आकडा त्याने कागदावर उतरवून ठेवला होता, तो कागद दिला. मी तो खिशात ठेवला.

त्यानंतर मी मुंबईला पाच वेळा गेलो. परळला माझी बहीण होती. एकदा तिच्याकडे बारसं होतं. एकदा डोकं दुखत होतं. एकदा दुकानांच्या गल्लीपर्यंत गेलो आणि उन्हाचा कंटाळा येऊन परत फिरलो. बाकीच्या दोन वेळा आठवणच झाली नाही. नवशा सुरुवातीला विचारायचा, मी पुढच्या वेळी म्हणायचो. मग त्याने विचारायचं सोडलं. मला ते बरं वाटलं. माणूस किती नालायक असू शकतो हे बघायला मला कधी लांब जावं लागलेलं नाही.

पण चाकाकडे त्याने दुर्लक्ष केलं असं कोणी म्हणू नये. उलट. उघडायचं नाही म्हणून त्याने बाहेरून सगळं केलं. तुंब्याला मुशीचं तेल चोळलं, होडीच्या फळीला चोळतात तसं, जिरेपर्यंत. टोपणाला निळा रंग दिला. दसऱ्याला त्यावर हळदकुंकू वाहिलं. गाडा इतका चकचकीत दिसायचा की बोईसरहून आलेली माणसं वळून बघायची. मी एकदा आपलं बोलायचं म्हणून बोललो, "मिस्त्री उघडून धुवायला सांगायचा."

"आमी लाकडाची मानसं," नवशा म्हणाला. "लाकूड कुजायला लागलं की पानी आत येतं, कळतं. तेल लावलं की टिकतं. ह्याला बी तेल हाय. वरून बघ, कुटं गंज हाय काय?"

कुठेही गंज नव्हता.

सहासष्टच्या एप्रिलमधली दुपार मला स्वच्छ आठवते. तालीम होऊन लाँच शेडमध्ये आली होती. हंसावहिनी डोक्यावर हंडा घेऊन आली. नवशाने इंजिनात पाणी ओतलं. हंड्याच्या तळाला चार-पाच तांबे पाणी उरलं. वहिनीने हंडा कमरेवर घेतला आणि विचारलं, "चाकांना नको? ती बी खाऱ्या पान्यात गेली हायत."

"चाकाला कशाला गोडं पानी, वहिनी? घरी ने. चाक बंद हाय, आत काय जात नाय."

ती पाणी घरी घेऊन गेली. त्या पाण्याचा चहा मीही प्यालो.

सदुसष्ट सालचा मे. शेवटचा रविवार. हंगाम संपत आला होता आणि दादू दोन खलाशी घेऊन, खुंटांना बांधलेलं जाळं काढून आणायला पहाटे गेला होता. मी नवशाबरोबर शेडमध्ये बसलो होतो. नऊच्या सुमारास आभाळ नैर्ऋत्येकडून काळवंडलं आणि वारा असा सुटला की शेडचे झाप उडाले. अर्ध्या तासात वारा ओसरला, पण दर्या खवळलेलाच राहिला. किनाऱ्यावर कोणीतरी बोंब ठोकली. आम्ही बाहेर आलो. काळ्या धोंडीवर होडी आडवी पडली होती, डोलकाठी मोडून लोंबत होती. तीन माणसं खडकावर उभी होती.

पूर्ण ओहोटी होती. गावच्या होड्या खाडीत चिखलात बसल्या होत्या. चार वर्षांपूर्वीचं चित्र जसंच्या तसं समोर होतं. फरक एवढाच, की या वेळी आमच्याकडे लाँच होती आणि धोंड बुडायला अडीच-तीन तास होते. म्हणून कोणी रडलं नाही. हंसावहिनीसुद्धा. तिने पदर खोचला आणि गाड्याच्या दोराला हात घातला. नवशा आधीच लाँचमध्ये चढून बसला होता. चाळीसेक माणसं दोराला लागली. गाडा शेडमधून सुसाट बाहेर पडला. लोक एका दमात ओढत होते आणि मी, आयुष्यात कधी कुठल्या गोष्टीवर विश्वास न ठेवणारा माणूस, मोठ्याने ओरडत होतो.

कोरडी वाळू संपली, ओली सुरू झाली. दीडशे पावलं गेली असतील. डाव्या चाकातून आवाज यायला लागला, जात्यात खडा अडकल्यावर येतो तसा. नवशाने वरून बघितलं. त्याचा चेहरा मी बघितला. बाकीच्यांना काही कळलं नव्हतं, आम्हा दोघांना कळलं होतं. अजून पन्नास पावलं, आणि चाक अडकलं. माणसं ओढत राहिली, चाक न फिरता वाळूत नांगरासारखं रुतत गेलं. आस वाळूला टेकला. चाळीस माणसांनी जोर केला तेव्हा दोर तुटला आणि सगळे पालथे पडले.

नवशा खाली उतरला. त्याने टोपण दगडाने फोडलं. आतून लाल चिखल गळाला. ग्रीस नव्हतं, गोळ्या नव्हत्या, गंजाचा लगदा होता. त्याने पाना लावला, हातोडा मारला, दगड मारला. चाक आसाला असं धरून बसलं होतं की ते आणि आस दोन वेगळ्या वस्तू आहेत हे सांगूनही पटलं नसतं. वंगण आणा, कोणी ओरडलं. पहार आणा, कोणी ओरडलं. शेवटी लाँच गाड्यावरून उतरवली आणि ओंडक्यांवर घेतली. पण होडीच्या दीडपट जड ते धूड, इंजिनासकट. ओंडके चिखलात खाली जात होते. तासाभरात साठ पावलं सरकलो. पाणी अजून सहा-सातशे पावलं दूर होतं. बायका उकिडव्या बसून हातांनी चिखल उपसत होत्या.

धोंडीवरची माणसं आमच्याकडेच बघत होती. एकजण हात हलवत होता. लांबून चेहरा दिसत नव्हता, पण तो दादूच असणार. तांडेल तोच होता. नवशाने एकदाच हात वर केला. मग तो पुन्हा ओंडक्याला खांदा लावून ढकलायला लागला, वाकडा पाय चिखलात ओढत. त्याच्या तोंडातून नुसता आवाज निघत होता. मला त्याच्याजवळ जाववेना.

मग भरतीने जोर धरला. आम्ही पाण्याकडे जात होतो, आता पाणी आमच्याकडे यायला लागलं. ते लाँचपर्यंत आलं, तळाला लागलं, लाँच हळूच हलली आणि तरंगली. नवशा चढला. एका झटक्यात इंजिन सुरू झालं. पहिल्याच झटक्यात. खोकलंसुद्धा नाही. असं चालणारं इंजिन त्या किनाऱ्यावर दुसरं नव्हतं. आम्ही मान वळवून धोंडीकडे बघितलं, तर धोंड दिसत नव्हती.

त्याने दोन खलाशांना पाण्यातून काढलं. रिकामे डबे छातीला बांधलेले होते म्हणून ते तरंगत राहिले होते. डबे दोनच होते. दादूने ते त्यांना बांधले होते. दिवस मावळेपर्यंत नवशा धोंडीभोवती फिरत राहिला, पेट्रोल संपेपर्यंत. दादू तिसऱ्या दिवशी एडवणच्या किनाऱ्याला लागला.

वाचलेल्यांपैकी चिंधू नावाच्या खलाशाला दोन दिवसांनी वाचा आली. दादूच्या घरात बायका बसल्या होत्या, नवशा दारात होता, मीही होतो. चिंधू म्हणाला, "पानी छातीला आलं तवा आमी पवत सुटनार होतो. दादू म्हनाला, थांबा. लाटंत मराल. धरून ऱ्हावा. माज्या भावाची लाँच हाय, ती येनारच." हंसावहिनीने ते ऐकलं. नवशा उठून बाहेर गेला. गावात कोणी त्याला शब्दाने बोललं नाही. त्याने बैठकीत काय म्हटलं होतं ते सगळ्यांना आठवत होतं, आणि कोणी आठवण करून दिली नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

पुढच्या आठवड्यात मी मुंबईला गेलो. चुरगळलेला कागद पाकिटात तसाच होता. गल्लीतल्या तिसऱ्या दुकानात बेअरिंग मिळालं, तेलाच्या कागदात गुंडाळलेलं. गाडीतून उतरल्यापासून अर्धा तास लागला.

तेरावं झाल्यावर मी दांडीला गेलो. गाडा जिथे रुतला होता तिथेच होता, ओहोटीला उघडा पडायचा, भरतीला बुडायचा. नवशा त्याच्याजवळ चिखलात बसला होता. कापून, ठोकून, त्याने ते चाक अखेर काढलं होतं. मी खिशातून पुडकं काढून गाड्याच्या दांड्यावर ठेवलं. त्याने कागद उलगडला.

"कदी आनलास?"

"परवा."

"लई शोधावं लागलं काय?"

खोटं बोलता आलं असतं. इतकी वर्षं बोलतच होतो. "अर्धा तास," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. मिस्त्रीसमोर हलवली होती तशीच. कागद पुन्हा गुंडाळला आणि पुडकं माझ्या हातात परत दिलं. रागावला नाही. मी त्याला सांगायला हवं होतं की चूक माझी आहे, निदान अर्धी तरी. ते राहून गेलं.

तेवढ्यात किनाऱ्याकडून हंसावहिनी येताना दिसली. कपाळ मोकळं, डोक्यावर हंडा. चिखलातून सांभाळत पावलं टाकत होती, एक थेंब सांडू देत नव्हती. मे महिना सरून जून लागला होता, पण पाऊस नव्हता, विहिरींनी तळ गाठला होता. ते पाणी तिने कुठून आणलं होतं कोणास ठाऊक. ती जवळ आली. नवशा उठायला लागला, तिने हाताने खुणावलं, बस. हंडा उतरवून त्याच्यासमोर ठेवला.

"चाक धू," ती म्हणाली.

"वहिनी..."

"गोडं हाय पानी. धू."

त्याने ओंजळीने पाणी घेतलं आणि चाकावर ओतलं. लाल पाणी त्याच्या कोपरांवरून गळायला लागलं. ती उभी राहून बघत होती. तळाशी चार-पाच तांबे उरले तेव्हा त्याचे हात थांबले, आणि तो तिच्याकडे बघायला लागला. तिने हंडा उचलून तेही पाणी चाकावर रिकामं केलं, मग रिकामा हंडा कमरेवर घेऊन आली तशी परत गेली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. पाऊस लागेपर्यंत रोज येत राहिली, आणि तो रोज ते चाक धूत राहिला.